उमरठचा पहिला निर्यातदार

उमरठ, ता. पोलादपूर
१२ जानेवारी १९९८

रऊफमियाँस,

हैबतीचा रामराम आणि सलाम दोन्ही. जो आवडेल तो घे आणि दुसरा रजियाभाभींच्या खात्यावर राहू दे.

तुझं दिवाळीचं पत्र नेहमीसारखं ओटीवर बसून मोठ्याने वाचलं. प्रयागबाईला वाचता येत नाही, म्हणून मी वाचतो, आणि ती ऐकते म्हणून निम्मी वाडी ऐकते. तुझं गार हवेचं ऑफिस, हाताखालची आठ माणसं, कंपनीची गाडी. म्हातारी येसूबाई म्हणाली, "नाते गावचा रऊफ राजा झाला गो!" मला हसू आलं. तुमच्या नाते गावात मामाकडे राहून महाडच्या शाळेत जायचो तेव्हा गणितात तू माझ्या वहीत डोकावायचास. आज तू शारजाच्या एवढ्या मोठ्या दुकानाचा खरेदी मॅनेजर, आणि मी अजून वरकस जमिनीत नाचणी पेरतोय. गणित मला चांगलं येत होतं, तेच नडलं असणार.

आता मुद्द्याचं. राहुलचं महाडच्या औद्योगिक वसाहतीतलं कंत्राटी काम सुटलं. कंपनीने दीडशे पोरांना एका दिवसात घरी बसवलं. तेव्हापासून त्याच्या तोंडी एकच, "बाबा, मी रऊफचाचांकडं जातो." अरे, आधीची दोन पोरं गेली, त्यानंतर वाचलेला हा एकटा. तुझ्यापासून काय लपवू, तो डोळ्यांआड झाला तर मी एक वेळ तग धरीन, प्रयागबाई नाही धरणार. तिने आत्ताच जेवण अर्ध्यावर आणलंय.

परवा महाडला सरकारी शिबिर होतं. विषय, 'करवंटी-आधारित उद्योगांच्या निर्यातवाढीवर परिणाम करणारे घटक'. नावच इतकं लांब की फलकावर दोन ओळी लागल्या. साहेबांनी खडूने आठ घटक लिहिले, कच्चा माल, प्रत, पॅकिंग, हवामान असे. मग विचारलं, "पोलादपूरवाल्यांनो, तुमच्याकडे माड किती?" आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. उमरठमध्ये माड शोधायचा तर आधी श्रीवर्धनची एस्टी पकडावी लागेल. पण शेवटी साहेब म्हणाले, बाजारपेठ हातात असेल तर बाकीचे सात घटक आपोआप जुळतात.

मी तिथेच मांडीवर थाप मारली. बाजारपेठ तर माझ्या बाकावर बसायची! तू एक ऑर्डर दे. राहुलच्या हाताला काम लागेल आणि डोक्यातलं शारजा उतरेल. तुझा माल विकला जाईल की नाही याची मला पर्वा नाही, माझा पोरगा घरी राहिला पाहिजे.

तुझा,
हैबती

——

शारजा
९ फेब्रुवारी १९९८

दोस्त हैबती,

पत्र वाचून खो खो हसलो. अरे वेड्या, इथला दुकानदार अब्दुल्लाकोया मलबारी आहे, मलबारी! त्याच्या परसात जेवढे माड असतील तेवढी माणसं आपल्या पोलादपुरात नाहीत. त्याला करवंटी विकायची म्हणजे रायगडावर जाऊन दगड विकण्यातला प्रकार. तुझ्या साहेबांनी हा नववा घटक फळ्यावर लिहायला हवा होता.

पण तू मागितलंस आणि मी नाही म्हटलं असं कधी झालंय? शेटशी बोललो. म्हणजे बोलायचं काय, माझ्या एका सहीचं काम. करवंटीच्या झाकणवाल्या साखरेच्या डब्या पाठव, दीडशे नग. दोन वाट्या एकमेकींवर नीट बसल्या पाहिजेत, गोऱ्या बायका असल्या वस्तू टेबलावर ठेवतात. एक लक्षात ठेव, खोकं वीस किलोच्या वर भरू नको. पंचवीसचं खोकं दिवसातून शंभरदा उचललं की कमरेचं काय होतं ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. आमचे हमाल तक्रार करतात, म्हणून सांगितलं.

राहुलला म्हणावं, आई-बापाजवळ राहा. इथे तशी सगळी मजा आहे, पण प्रत्येकाला मानवते असं नाही. वहिनींना सलाम. रजियाला काही सांगू नकोस, धंद्यातली गोष्ट आहे.

तुझा,
रऊफ

——

उमरठ
६ एप्रिल १९९८

रऊफ,

माल निघाला! नाते गावचा मुदस्सर तिकडे नोकरीला परत चाललाय, त्याच्या बॅगांत कपडे कमी आणि डब्या जास्त. त्याची आई चिडली, पण मी म्हटलं, "ही निर्यात हाय, जरा दमानं घ्या."

कच्चा माल कुठून आणला विचार. महाडच्या खानावळीत गेलो, तर आचारी करवंटी फुटली रे फुटली की चुलीत सारतो. मग राहुल वाडीवाडीत फिरला. माघातल्या जत्रेत घरटी नारळ फुटले होते, चार लग्नं झाली, दोन वास्तुशांत्या. घराघरांतून करवंट्या गोळा केल्या. येसूबाईने तर वर्षभराच्या चुलीसाठी साठवलेल्या दिल्या आणि वर मला बजावलं, "सरपण नेलंस, आता पावसात माजा भात तू शिजव."

राहुल रात्रंदिवस काचकागदाने घासत बसतो. वाडीतली मंजुळा आणि तिची सून तेल लावून चमकवतात. दोन महिने झाले, पासपोर्ट हा शब्द घरात निघालेला नाही. प्रयागबाई दोन भाकऱ्या खाते. काल तर तिने डबीत साखर भरून मला चहा दिला.

डब्या अगदी काटेकोर बसतात असं म्हणणार नाही. झाकण ठेवलं की जरा हलतं. पण गोऱ्या बायका सावकाश उघडत असतील ना?

माल निघताना बॅगांना हळदकुंकू लावलं, त्याचे डाग पडले असतील तर पुसून घे.

तुझा निर्यातदार मित्र,
हैबती

——

शारजा
१८ मे १९९८

निर्यातदार साहेब,

दीडशे डब्या पोचल्या. दीडशेपैकी एकही बंद होत नाही.

मी एकेक घेऊन बसलो. वरची वाटी लहान तर खालची मोठी, खालची लांबट तर वरची गोल. अब्दुल्लाकोयाने एक हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, "रऊफ, ही डबी आहे की दोन झाकणं?" कारण दोन्ही वाट्या एकाच बाजूच्या! तीन डोळ्यांची बाजू कुठेच नाही. तीनशे करवंट्यांत एकीलाही डोळे नाहीत. हैबती, एका नारळाच्या दोन वाट्या घेतल्या असत्या तर आपोआप बसल्या असत्या, एवढं शाळेतल्या मास्तरांनी नाही, अल्लाने शिकवलंय. डोळ्यांच्या वाट्या तुम्ही कुठे घातल्यात?

पण काळजी करू नकोस. मी सुट्या करून वाट्या म्हणून लावल्या दुकानात. हातोहात गेल्या. आता तीनशे वाट्यांची ऑर्डर घे. बुडाला गोल कडी चिकटवा, नाहीतर टेबलावर डुलतात. राहुलला कामात ठेव. त्याला कामात ठेव एवढंच म्हणतो.

रऊफ

——

उमरठ
२५ सप्टेंबर १९९८

रऊफ,

डोळ्यांच्या वाट्या देवाकडे आहेत, आणखी कुठे असणार? विसरलास? आमच्यात देवाला नारळ फोडला की शेंडीकडची वाटी देवाची, ती देवळात राहते, दुसरी घरी येते. मग घराघरांतून गोळा केलेल्या करवंट्यांना डोळे कुठून येणार? देवळात ढीग पडलाय, गुरव फुकट द्यायला तयार होता. पण बायका हात लावीनात. मंजुळा म्हणाली, "देवाची वाटी घासून इकायची? माजे हात झडतील." साहेबांच्या आठ घटकांत देव नव्हता. मी शिबिरात उठून विचारलं असतं, पण चहा आला.

तुझ्या तीनशे वाट्या गणपतीआधी मुदस्सरच्या भावाबरोबर पाठवल्या, पोचल्याच असतील. पावसात निम्म्यांना बुरशी आली, राहुलने चुलीवर टांगून सुकवल्या. धुराचा वास येत असेल तर सांग तिकडे, मुद्दाम दिलाय.

आता खरी गोष्ट. साडेचारशे नग परदेशी खपले हे कळताच शिबिराचे साहेब स्वतः उमरठला आले. गेल्या वर्षी तालुक्याची करवंटी-निर्यात शून्य होती, त्यामुळे वाढ किती टक्के लिहावी हे त्यांना सुचेना. शेवटी 'उल्लेखनीय' असं लिहून नेलं. मग महाडला सत्कार. शाल आणि नारळ देऊन 'तालुक्याचे पहिले निर्यातदार' म्हणून मला उभं केलं. रऊफ, आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

आणि तिथेच घात झाला. राहुलला दोन शब्द बोलायला सांगितलं. पोरगा म्हणाला, "माल इथं बनतो आणि खपतो तिथं. मग विकणारा माणूस इथं बसून काय करणार? मी शारजाला जाऊन दुकानच टाकतो." लोकांनी माझ्यापेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी त्याने पासपोर्टचा अर्ज केला. महाडचा एक एजंट आहे, तो म्हणतो तीन महिन्यांत विमानात बसवतो.

प्रयागबाई माझ्याशी बोलत नाही. म्हणते, "निर्यात निर्यात करून तुमीच पोराला वाट दावलीत." खरंच आहे. त्याला थांबवायला जे केलं तेच त्याला ढकलतंय.

आता तूच एक उपाय. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. एक पत्र लिही. इथे काही राम नाही, हाल आहेत, येऊ नकोस, असं जोरदार लिही. खोटं लिहावं लागलं तरी लिही. तुझ्या अब्रूला धक्का लागला तर मी भरून देईन, पण माझं पोर अडव. पाया पडतो.

हैबती

——

शारजा
१९ ऑक्टोबर १९९८

हैबती,

तू खोटं लिही म्हणालास. ते मी वीस वर्षं लिहितोय. आज दुसरं लिहितो.

मी मॅनेजर नाही. कधीच नव्हतो. मी अब्दुल्लाकोयाच्या गोदामात हमाल आहे. ट्रकमधून खोकी उतरवतो आणि रॅकवर चढवतो. गार हवेचं ऑफिस आहे, पण ते शेटचं. मी तिथे चहा नेऊन देतो तेव्हा दोन मिनिटं गार वारा लागतो, त्या दोन मिनिटांवर तुला पानंच्या पानं लिहिली. हाताखालची आठ माणसं म्हणजे माझ्या पलंगाच्या आजूबाजूला झोपणारी. एका खोलीत आम्ही नऊ जण, संडासाला रांग. कंपनीची गाडी म्हणजे ज्यात आम्हाला उभं करून नेतात तो टेम्पो.

पासपोर्ट शेटच्या कपाटात असतो. अब्बा गेले तेव्हा विमानाचं तिकीट मिळालं नाही असं मी सगळ्यांना कळवलं होतं. तिकिटं होती. सुट्टी नव्हती. त्या दिवशी मी सिमेंटचा ट्रक खाली केला. अब्बांना माती तू दिलीस, हैबती. पोलादपूरहून येऊन माझ्या जागी तू उभा राहिलास. त्याबद्दल मी तुला साधं थँक्यू लिहिलं होतं, बड्या साहेबासारखं. लाज वाटते.

नाते गावातलं घर पगारावर नाही, दुप्पट पाळ्या मारून बांधलंय. त्या घरात मी वीस वर्षांत मोजून अकरा महिने झोपलोय.

आणि तुझ्या करवंट्या. एकही विकली नाही. ऑर्डर मीच दिली, पैसे मीच पाठवले. शेटला विचारण्याची माझी टाप नाही, मी फक्त एक डबी त्याला दाखवली आणि तो हसला, तेवढं खरं. सगळा माल माझ्या पलंगाखाली आहे. खोलीतली पोरं त्यात डाळ घेऊन खातात. चांगल्या आहेत, गळत नाहीत, फक्त डाळीला धुराचा वास येतो. मला वाटलं, राहुल वाट्या घासत राहील आणि घरी राहील. तू तसंच म्हणाला होतास.

इथल्या सगळ्यांना हे माहीत आहे, मुदस्सरलाही. पण इथून कुणी कुणाचं घरी सांगत नाही, तो इथला कायदा आहे.

राहुलला हे पत्र वाचून दाखव. एक ओळही गाळू नकोस. माझी अब्रू गेली तर जाऊ दे, पोराची कंबर जाण्यापेक्षा ती गेलेली बरी. फक्त रजियाला कळू देऊ नकोस. तिला मी येऊन सांगेन, सांगता आलं तर.

रऊफ

——

उमरठ
१५ डिसेंबर १९९८

अरे वा रे पठ्ठ्या!

काय पत्र लिहिलंस! शाळेत निबंधाला नापास व्हायचास हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही. मी ओटीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, सांगितल्याप्रमाणे एक ओळ गाळली नाही. अब्बांच्या मातीचं वाचताना मला क्षणभर वाटलं की खरंच आहे! प्रयागबाई पदर तोंडाला लावून रडली. येसूबाई तर "बिचारा रऊफ, बिचारा रऊफ" करत दोनदा बेशुद्ध व्हायची राहिली. शेवटी मला सांगावं लागलं की अगं, हे मीच लिहायला सांगितलंय. तेव्हा कुठे बाया शांत झाल्या आणि मग इतक्या हसल्या की गुरं बुजली.

राहुल मात्र पक्का. त्याने तिसऱ्या ओळीलाच ओळखलं. म्हणाला, "चाचांनी जरा जास्तच घातलं बाबा. हमाल मानूस साडेचारशे नगांची आर्डर देतो होय? पलंगाखाली सहाशे वाट्या मावतात तरी का?" गणित त्याचं बरोबर होतं. रऊफ, चुकलास तिथेच. वाट्या विकल्या गेल्या एवढं तरी खरं ठेवायचंस, मग बाकीचं खपलं असतं. उलट पत्र वाचून पोराचा उत्साह दुप्पट झाला. म्हणतो, माझ्यासाठी एवढा मोठा मानूस स्वतःला हमाल म्हणवून घेतो, असा चाचा कुणाला मिळतो?

आणि मलाही तेच वाटलं. रात्रभर विचार केला. ज्याने मित्राच्या पोरासाठी आपली इज्जत धुळीला मिळवली, त्याच्या गावात पोर चाललंय, मग मी कशाला भितो? प्रयागबाईलाही हेच समजावलं. ती म्हणाली, "रऊफभावजींच्या पदरात घालते." तिने हे म्हटलं आणि माझ्या उरावरचा धोंडा उतरला.

तर कळवायचं हे की राहुल ६ जानेवारीला पहाटे शारजाला उतरतोय. एजंटने कागद तुझ्याच कंपनीचे मिळवलेत. तुझं नाव सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "ओळख असेल तर लगेच काम होतं." काम स्टोअरचं आहे. त्याला घ्यायला तू स्वतः जा. साहेबी थाट जरा बाजूला ठेवून.

तू माझ्यासाठी जे खोटं लिहिलंस त्याची परतफेड या जन्मी होणार नाही.

तुझा,
हैबती

——

शारजा
१० फेब्रुवारी १९९९

ती. बाबांस आणि आईस,

शिरसाष्टांग नमस्कार. मी इथे सुखरूप आहे. काळजी नसावी.

चाचा विमानतळावर आले होते. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला की बराच वेळ मला धरून उभे राहिले. मी त्यांच्याच बरोबर राहतो. जागा मोठी आहे आणि सोबतीला चांगली माणसं आहेत, एकटं वाटत नाही. कामही चाचांच्याच खात्यात मिळालं. मालाची आवक-जावक पाहायची असते. साहेब लोक चांगले आहेत. जेवण चांगलं आहे, डाळ रोज असते. हवा चांगली आहे. समुद्र जवळ आहे, अजून पाहायला सवड झाली नाही एवढंच.

आपल्या वाट्या इथे सगळ्यांना आवडतात. मी स्वतः डोळ्यांनी पाहिल्या. सध्या बाजार थंड आहे, म्हणून नवीन माल करू नये असं चाचा म्हणतात.

आईला सांगा, मी पोटभर जेवतो. अक्षर सुधारलंय की नाही? चाचा शेजारी बसले होते. आधीची तीन पत्रं त्यांना पसंत पडली नाहीत.

आपला,
राहुल

——

उमरठ
४ मार्च १९९९

चि. राहुल,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. ओटीवर वाचलं. आई खूश झाली. वाडीतल्या तिघांनी पासपोर्टचे अर्ज आणलेत आणि ते माझ्याकडून भरून घ्यायला येतात. मी चष्मा सापडत नाही असं सांगून त्यांना परत पाठवतो.

सगळे गेल्यावर पत्र पुन्हा वाचलं. आणि पुन्हा वाचलं. राहुल, त्यात एकही तक्रार नाही. तू घरी होतास तेव्हा आमटीत मीठ कमी पडलं तरी अर्धा तास भांडायचास. वसाहतीत कामाला होतास तेव्हा रोज रात्री सुपरवायझरला शिव्या दिल्याशिवाय तुला घास जात नव्हता. आणि आता हवा चांगली, जेवण चांगलं, साहेब चांगले? जगात एवढं चांगलं कुठेच नसतं रे.

मग मी पेटी उघडून रऊफची वीस वर्षांची पत्रं काढली. एकामागून एक लावली. हवा चांगली, जेवण चांगलं, साहेब चांगले. सगळी अशीच आहेत. फक्त एक वेगळं आहे, ज्याला आम्ही सगळे हसलो ते. ते मी चुलीपाशी बसून एकट्याने वाचलं. या वेळी हसू आलं नाही. मी हसलो, राहुल. माझ्या मित्राने काळीज काढून पाठवलं आणि मी त्याला निबंध म्हणालो. आणि वर तुलाही पाठवून दिलं.

रऊफला सांग, हैबतीने माफी मागितलीय. तोंडाने सांगता आलं नाही तर हे पत्र त्याच्या हातात दे. अब्बांना माती दिली त्याबद्दल त्याने पुन्हा कधी थँक्यू म्हणू नये, नाहीतर तिकडे येऊन मारीन.

रजियाभाभींकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, "राहुलनं काय लिवलं?" मी म्हटलं, मजेत आहे. त्या म्हणाल्या, "म्हंजे यांच्यासारखाच मजेत." मला वाटतं, त्यांना पहिल्या वर्षापासून सगळं ठाऊक आहे. नवऱ्याला लाज वाटू नये म्हणून त्या गप्प असाव्यात. तेव्हा रऊफला म्हणावं, लपवायचं काही उरलेलं नाही, घरी यायचं तेव्हा सरळ ये.

तुझा पासपोर्ट कुणाकडे आहे ते कळव. करार किती वर्षांचा आहे ते कळव. खोलीत किती जण आहात, काम किती तास, पाठ दुखते का, रात्री झोप लागते का, ते लिही. जेवण वाईट असेल तर वाईट लिही. रडू आलं तर रडलो असं लिही. मी त्या एजंटकडे जाऊन बसणार आहे, जमलं तर त्या साहेबांकडेही, ज्यांनी तुझी पाठ थोपटली. तुला परत आणायला काय लागतं ते मला खरं कळल्याशिवाय मी कुणाशी भांडू?

आणि आईची काळजी करू नकोस. तिला वाचता येत नाही. तू फक्त खरं लिही, तिला वाचून दाखवताना काय बदलायचं ते माझं मी बघतो.

तुझा,
बाबा